थोड्या गुंठ्यांवर सेंद्रिय शेती: पुणे जिल्ह्यात सुरुवात कशी करावी

दोन-अडीच एकर जमीन, सामायिकातली विहीर, गोठ्यात एखाद-दुसरं जनावर आणि डोक्यात सेंद्रिय शेतीचा विचार, एवढं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हिंजवडीतली नोकरी सांभाळून वाटणीतले वीस गुंठे शनिवार-रविवारी कसणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांनी आधी तो प्रश्न सोडवावा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सरळ उठून शेतजमीन विकत घेता येत नाही, एजंट काहीही सांगो.

फायदे आहेतच. हंगाम सुरू होताना कृषी सेवा केंद्रात होणारी उधारी कमी होते. मातीत सेंद्रिय पदार्थ वाढला की ओल धरून राहते, आणि पावसाने ऐन ऑगस्टात पंधरा दिवस ओढ दिली तरी हलक्या रानातलं पीक तग धरतं. फवारणी करून आल्यावर डोकं धरून बसायची वेळ येत नाही. घरी खायची भाजी आणि विकायची भाजी एकाच वाफ्यातली होते. ही गोष्ट केवढी मोठी ते शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना विचारा. जास्तीच्या दराचा फायदा मात्र मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण तो आपोआप मिळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खत-औषध बहुतांशी घरच्या घरी होऊ लागलं आणि माल कोण घेणार हे पेरणीआधी ठरलं, तरच लहान शेतकऱ्याला सेंद्रिय शेती परवडते. रासायनिक बाटलीच्या जागी ‘सेंद्रिय’ लिहिलेली बाटली आणून ठेवली तर खर्च तेवढाच राहतो, आणि उत्पादन मात्र घटतं.

पायरी १: सगळं रान एकदम वळवू नका

सुरुवात पाच ते दहा गुंठ्यांवर करा. एकराचे चाळीस गुंठे. म्हणजे एक एकर असेल तर पाव एकराच्या पुढे पहिल्या वर्षी जाऊ नका. बाकीच्या रानात जे चालू आहे ते चालू द्या, फक्त हळूहळू मात्रा कमी करत चला.

कारण साधं आहे. युरियातला नत्र (नायट्रोजन) पिकाला काही दिवसांत मिळतो. शेणखतातला नत्र आधी जिवाणूंनी कुजवून मोकळा करावा लागतो, आणि वर्षानुवर्षं नुसत्या रासायनिक खतावर चाललेल्या रानात ते काम करणारे जिवाणूच कमी झालेले असतात. त्यामुळे पहिले दोन-तीन हंगाम उत्पादन घटतं. ते पुढे सावरतं, पण रासायनिकच्या बरोबरीला येतंच असं नाही. जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांची सरासरी काढली तर सेंद्रिय उत्पादन साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी भरतं. पिकानुसार हा आकडा खालीवर होतो. कडधान्यांत फरक थोडा, धान्यात आणि काही भाज्यांत जास्त.

घाई केल्यावर काय होतं ते श्रीलंकेने दाखवलं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली २०१६ मध्ये. तिथे आधीपासूनच रासायनिक खतांचा वापर बेताचा होता, हे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत.

पायरी २: तालुका बघून पीक ठरवा

पुणे जिल्हा एक नाही. मुळशी-मावळात पाऊस झोडपून काढतो आणि बारामती-इंदापुरात टँकरची वाट बघतात. एकाच्या रानातला प्रयोग दुसऱ्याने जसाच्या तसा उचलला की फसतो.

मावळ, मुळशी, भोर आणि राजगड (जुनं वेल्हे) या पट्ट्यात इंद्रायणी किंवा आंबेमोहर भात हे सेंद्रियला सोपं पीक. पाण्याखाली तण दबतं, औषधं तशीही कमी लागतात, आणि इंद्रायणी तांदूळ थेट घरपोच घेणारी गिऱ्हाइकं पुण्यात भरपूर आहेत. चारसूत्री भातलागवडीतली तुसाच्या राखेचा वापर, चिखलणीच्या वेळी गिरीपुष्पाचा पाला गाडणे आणि ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, ही तीन सूत्रं सेंद्रियमध्ये जशीच्या तशी बसतात. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं (दाबून केलेल्या रासायनिक खतगोळ्यांचं) आहे, ते वगळायचं.

पुरंदरमध्ये सीताफळ आणि वाटाणा-घेवडा. अंजीरही पुरंदरचंच, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण अंजिरावर तांबेरा या बुरशीच्या रोगाचा त्रास असतो, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. शिरूर, खेड, आंबेगावच्या कोरड्या भागात बाजरी-मटकी, तूर, हरभरा, आणि पाणी असेल तर मेथी, कोथिंबीर, शेपू, चाकवत. दौंड-बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, हीच मोठी संपत्ती. त्यावर पुढे बोलू.

नारायणगावचा टोमॅटो बघून कुणाला मोह होत असेल तर थांबा. करपा, पाने गुंडाळणारा विषाणू, नागअळी, फळ पोखरणारी अळी, सगळं एकाच पिकावर येतं. टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर आणि द्राक्ष ही नवख्यांची पिकं नव्हेत. मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते, कीड बसायच्या आत जुडी बांधलेली असते. सुरुवात अशा पिकाने करावी.

पायरी ३: माती तपासा, आणि पाणी त्याहून आधी

मातीचा नमुना उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर घ्या. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खुरप्याने खरवडायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. सगळी माती गोणपाटावर पसरून मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेल्याचे पुन्हा चार करा. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरा आणि नाव, गट नंबर, आधीचं पीक लिहून प्रयोगशाळेत द्या. फळबागेसाठी नमुना जास्त खोल घ्यावा लागतो.

अहवालात आधी सेंद्रिय कर्ब बघा. तो ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन भुकेली आहे, पहिलं वर्ष हिरवळीच्या खतावर घालवा. सामू (पीएच) आठाच्या बराच वर आणि क्षारही जास्त असतील तर चर काढून निचरा केल्याशिवाय नुसतं शेणखत फार काही करणार नाही. ऊसपट्ट्यात पाटपाण्याने चोपण (क्षारांनी घट्ट, निचरा न होणाऱ्या) झालेल्या जमिनींची हीच कथा आहे.

पाण्याचं मात्र लोक विसरतात. शहराच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी मिसळतं. त्या पाण्यावर पीक जोमदार येतं, कारण पाण्यातूनच नत्र मिळतो, पण त्याबरोबर काय काय येतं ते तपासल्याशिवाय कळत नाही. हवेली-दौंडमध्ये नदीकाठी रान असेल तर विहिरीचं पाणी तपासून घ्या, आणि नदीचं उचललेलं पाणी सेंद्रिय म्हणून विकायच्या पालेभाजीला वापरू नका. कोथिंबीर लोक कच्ची खातात.

पायरी ४: शेणखताचं गणित कागदावर मांडा

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र; म्हणजे वीस किलोच्या थोडा वर. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतो. तेवढाच नत्र शेणखतातून द्यायचा तर चार टन लागेल. त्यातलाही निम्म्याहून कमी भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो, बाकीचा पुढे. भाजीपाल्याला एकरी आठ-दहा टन शेणखत सांगतात ते उगीच नाही.

आता गोठ्याकडे या. एक गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण देते असं धरा. वर्षाला चार टनांच्या आसपास. कुजल्यावर वजन निम्म्यावर येतं, म्हणजे दोन टन, तेही सगळं गोळा झालं आणि गोवऱ्या थापल्या नाहीत तर. एकराला पाच जनावरं लागली. दोन एकरवाल्याने दहा गुरं कुठून आणायची आणि त्यांना घालायचं काय? विकत घ्यावं तर ट्रॉलीचा भाव आणि वाहतूक मिळून खर्च युरियाच्या कित्येक पट होतो.

म्हणून शेणखत एकट्याने हा गाडा ओढू शकत नाही. त्याला जोड लागते.

सगळ्यात स्वस्त जोड ताग. जूनच्या पहिल्या पावसावर एकरी वीस-पंचवीस किलो बी फोकायचं. दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो पुरे. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पीक फुलावर यायला लागलं की रोटाव्हेटर मारून किंवा नांगराने गाडायचं. फुलं येऊन गेली की खोड लाकडासारखं होतं आणि कुजायला वेळ लागतो, तेव्हा ‘पुढच्या रविवारी गाडू’ असं करू नका. बरा आलेला ताग एकरी पंचवीस-तीस किलो नत्र जमिनीत घालतो, युरियाच्या एका गोणीपेक्षा जास्त. किंमत एवढीच की खरिपातले दोन महिने ते रान अडकून पडतं. पाणी साचणाऱ्या जमिनीत तागाऐवजी धैंचा घ्या.

बांधावर गिरीपुष्प लावा. फाट्याने लागतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला रानात टाकता येतो. ऊस असेल तर पाचट पेटवू नका. सरीत पसरून ठेवा. ओल टिकते, तण दबतं, वर्षभरात खत होतं.

उकिरड्याचं कंपोस्ट करा. इंदूरमध्ये १९२०च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेणाचे थर लावून, ओलावा राखून, ढीग ठरावीक दिवसांनी पलटण्याची पद्धत बसवली, तीच अजून उत्तम आहे. आपल्याकडे थर लावतात, पण पलटत नाहीत. ढीग पलटला नाही की आत हवा जात नाही आणि मधला भाग आंबून वास मारतो. गांडूळखतासाठी आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं घ्या, पण बेडमध्ये ताजं शेण टाकू नका, उष्णतेने गांडुळं मरतात. दोन-तीन आठवडे मुरलेलं शेण, वर ओलं गोणपाट, आणि मुंग्यांचा बंदोबस्त, एवढं सांभाळलं तर दोनेक महिन्यांत पहिली रास निघते.

शेणखत विकत घेताना हात घालून बघा. भुसभुशीत असावं, आत ऊब नसावी, मातीसारखा वास यावा, आणि शेणाचा पो ओळखू येऊ नये. कच्च्या शेणखतातून दोन गोष्टी रानात येतात: तणाचं बी आणि हुमणी. हुमणीची पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी खतात दिसली तर ती ट्रॉली परत पाठवा. ऊस आणि भुईमूग मुळासकट कुरतडणारी हीच. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे झाड हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सगळ्या वस्तीने एकाच आठवड्यात केलं तर उपयोग, एकट्याने केलं तर शेजारचे भुंगे तुमच्याकडे येतात.

शहरातल्या ओल्या कचऱ्याचं खत स्वस्तात मिळतं. पसाभर घेऊन चाळून बघा, काच-प्लॅस्टिक निघालं तर नको.

पायरी ५: जीवामृत करा, पण त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नका

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो काळा गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, तोंडावर गोणपाट बांधायचं. दोन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत वापरायचं. हे एका एकराचं माप. वाफसा असताना, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, पाण्याबरोबर सोडा. ठिबकमधून द्यायचं तर दोनदा गाळा, नाहीतर ड्रिपर चोंदतील आणि संपूर्ण दिवस पिन घेऊन बसावं लागेल.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे जीवामृत घराघरात पोचलं, ते चांगलंच झालं. पण नुसत्या जीवामृतावर पीक पोसतं हे मला पटलेलं नाही. दहा किलो शेणात नत्र असून असून किती असणार! ते जिवाणूंचं विरजण आहे. रानात कुजायला पालापाचोळा, आच्छादन, शेणखत असेल तर त्याचं काम दिसतं. उघड्या-बोडक्या मुरमाड रानात ओतलं तर गूळ-बेसन वाया.

पायरी ६: तणासाठी माणसं आधी बघा

सेंद्रिय शेतीत सगळ्यात मोठा खर्च खुरपणीचा. तणनाशक नाही म्हटल्यावर कांद्याला दोन-तीन खुरपण्या होतातच, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावातल्या सगळ्या बायका दुसऱ्याच्या कांदा लागणीला उक्त्याने गेलेल्या असतात. मजूर मिळत नाहीत ही तक्रार चाकण-रांजणगाव एमआयडीसीच्या आसपास जास्तच.

तेव्हा तण उगवायच्या आधी डाव टाका. पेरणीआधी रान ओलवा, आठ-दहा दिवसांत तण हिरवं दिसलं की वखराची उथळ पाळी घाला, शक्य असेल तर पुन्हा एकदा. मग पेरा. ओळीतलं अंतर सायकल कोळप्याच्या पासेपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे एक माणूस दिवसात बरंच रान काढतो. वेलवर्गीय भाज्या, वांगी, मिरची यांना पाचट किंवा भाताच्या पेंढ्याचं तीन-चार बोटं जाड आच्छादन द्या. लव्हाळा आणि हरळी असलेलं रान पहिल्या वर्षासाठी निवडूच नका. गाठी खणून काढता काढता उन्हाळा संपतो.

पायरी ७: किडीवर लक्ष ठेवा, फवारा नंतर

आठवड्यातून दोनदा सकाळी रानातून चालत जाऊन पानं उलटी करून बघायची सवय लावून घ्या. घरच्या औषधांचा जोर अंड्यांवर आणि बारीक अळीवर चालतो. बोटभर झालेल्या अळीला निंबोळी अर्क काही करत नाही.

निंबोळी अर्काची कृती अशी. जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर काढा आणि सावलीत वाळवा. लागेल तेव्हा पाच किलो भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. हा पाच टक्के अर्क. फवारणी उन्हं उतरल्यावर, आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. उन्हात त्याचा गुण जातो.

दशपर्णी अर्काला, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या अर्काला, महिना लागतो, म्हणून हंगामाआधीच ड्रम लावून ठेवतात. त्यातली कण्हेर आणि रुई विषारी आहे. करताना हातमोजे घाला, ड्रमवर ठळक लिहा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि पालेभाजीवर तो मारूच नका.

मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी चार-पाच लावले की पतंगांची संख्या कळते. पण प्रत्येक किडीचा ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) वेगळा असतो. वांग्यातल्या शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीचा वेगळा, टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा वेगळा, दोडका-काकडीवरच्या फळमाशीचा वेगळा. दुकानदाराला ‘सापळा द्या’ एवढंच म्हणाल तर जे पडून आहे ते मिळेल. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. टोमॅटो कधी लावलाच तर चौदा-सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावा, आणि झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा पंधरा-वीस दिवसांनी मोठं असू द्या, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूवर अंडी घालते.

बुरशीसाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) चोळा. पावसाळी करप्याला एक टक्का बोर्डो मिश्रण चालतं: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. सेंद्रिय प्रमाणीकरणात तांब्याच्या वापरावर मर्यादा आहे, त्यामुळे दर आठवड्याला बोर्डो मारणं बसत नाही.

दुकानातल्या ‘जैविक’ बाटल्यांबद्दल सावध राहा. लेबलवर घटक, नोंदणी क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख नसेल तर घेऊ नका. एका फवाऱ्यात सगळ्या अळ्या तासाभरात खाली पडल्या तर खूश होऊ नका. बाटलीत लिहिलं नसलेलं रसायन असण्याची दाट शक्यता आहे, आणि मालाचा नमुना तपासणीत सापडला तर नाव तुमचं जाईल.

पायरी ८: शेजाऱ्याशी बोला

बांध दोन फुटांचा आणि शेजारी वाऱ्यावर फवारतो. लहान शेतकऱ्याची ही अडचण कुठल्याही पुस्तकी सल्ल्याने सुटत नाही. कडेला शेवरी, तूर किंवा हत्तीगवताची दाट पट्टी लावा, त्या बाजूच्या एक-दोन ओळींचा माल वेगळा काढून सेंद्रिय म्हणून विकू नका, आणि वरच्या रानातून वाहून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा. ‘दादा, फवारायच्या आधी एक फोन करा’ एवढं सांगितलं तर बहुतेक शेजारी ऐकतात. भांडण काढलं तर मुद्दाम वारा बघून फवारतील.

पायरी ९: प्रमाणपत्र हवंय का, ते गिऱ्हाईक बघून ठरवा

देशात दोन वाटा आहेत. एक एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखाली २००१ पासून चालू असलेली, त्रयस्थ संस्थेकडून तपासणीची. निर्यात करायची असेल किंवा कंपनीला माल द्यायचा असेल तर हीच लागते. खर्च एकट्याला झेपत नाही, शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीमार्फत घेतात. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची पद्धत. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांच्या रानाची तपासणी करायची आणि नोंदी पोर्टलवर चढवायच्या. देशातल्या विक्रीला ती पुरते आणि जवळजवळ फुकट आहे. खरा खर्च वेळेचा.

दोन्हीकडे रूपांतराचा, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर वळण्याचा, काळ असतो. एनपीओपीत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, सीताफळ-अंजिरासारख्या बहुवार्षिकांना तोडणीआधी तीन वर्षं. या काळात उत्पादन घटलेलं, खुरपणी वाढलेली आणि माल प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. लोक सोडून देतात ते याच टप्प्यावर, म्हणून तर दहा गुंठ्यांचा आग्रह धरला. पीजीएसमध्ये रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणून विकायची सोय आहे.

स्वतः पिकवलेला माल थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या शेतकऱ्याला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७च्या नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’चं चिन्ह लावता येत नाही. सोसायटीत ओळखीवर भाजी द्यायची असेल तर प्रमाणपत्राच्या मागे पहिल्याच वर्षी धावायची गरज नाही. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, वाफा, काय टाकलं, कुठून आणलं, किती निघालं, मजुरी किती. पुढे प्रमाणपत्र काढायचं ठरलं तर ही वहीच कामाला येते.

अनुदानाच्या योजना आहेत. २०१५ पासूनची परंपरागत कृषी विकास योजना साधारण २० हेक्टरच्या गटासाठी आहे, राज्याचं डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन आहे, आणि केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. सध्या कुठल्या गावात गट चालू आहे आणि हातात किती पडतं हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातच विचारा. शिकायला बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय आहे. देशी बियाण्यांसाठी बाएफ ही संस्था बरंच काम करते. राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेमागे याच संस्थेची साथ होती.

पायरी १०: विक्री

साधा हिशेब करा. उत्पादन पाव भागाने घटलं तर तेवढेच पैसे यायला दर एक-तृतीयांशाने जास्त मिळायला हवा. वाढलेली खुरपणी त्यात धरलेली नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तुमची मेथी इतर मेथीच्या ढिगातच लिलावाला लागते आणि आडत्याला ती कशी पिकवली याच्याशी देणंघेणं नसतं. तिथे हा जास्तीचा दर मिळायचा नाही. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्याचा लाभ घ्या: शेतकरी आठवडे बाजार, सोसायट्या, ओळखीची घरं.

कोथरूड, बाणेर किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत पंधरा-वीस घरं मिळाली तरी दहा गुंठ्यांचा माल खपतो. मात्र त्या घरांना आठवड्याला दोनशे जुड्या मेथी नको असते, आठ प्रकारच्या थोड्या थोड्या भाज्या हव्या असतात. म्हणून मेथी-पालकाचे दोन-दोन वाफे दर आठ दिवसांनी पेरा, कडेला दुधी-दोडक्याचे वेल, मध्ये मिरची-वांग्याची थोडी रोपं. तरीही आठ प्रकार एकट्याकडून होत नाहीत. पीजीएससाठी जमलेल्या त्याच पाच जणांनी पिकं वाटून घेतली तर टोपली भरते आणि टेम्पोचं भाडंही वाटलं जातं.

पालेभाजी संध्याकाळी उन्हं कलल्यावर किंवा पहाटे काढा. धुऊन गच्च बांधू नका, पाणी साचलेली जुडी मध्येच सडते. मुळाकडची माती झटकून सैल बांधा आणि क्रेटमध्ये ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्या, पण दर हंगामाला एकदाच ठरवून सांगा. यार्डात कोथिंबीर मातीमोल झाली तरी तुमचा दर तोच, आणि तिथे भाव कडाडले तरी तोच. गिऱ्हाइकं टिकतात ती याने. महिन्यातून एकदा रविवारी त्यांना रानात बोलवा. किडकं वांगं का आलं हे फोनवर समजावण्यापेक्षा बरं पडतं.

मे महिन्यात विहीर तळाला गेली की टोपली बंद ठेवा, आणि तसं एप्रिलमध्येच कळवून टाका. यार्डातून माल आणून भरलेली टोपली नेहमीच्या घरांना कोथिंबिरीच्या वासावरूनच कळते.